डावीकडे जड

विनिताने तिला पाठीमागून ओळखलं. अंबरनाथ पूर्वेला, स्टेशनकडून आत येणाऱ्या रस्त्यावर, पालेभाजीवालीपुढे वाकून ती मेथीची जुडी उलटसुलट करून बघत होती. विनिताला तिचा चेहरा बघायची गरज नव्हती. इतकी वर्षं माणसांच्या मानांमागे उभं राहून जिने पोट भरलं, तिला अर्धं गाव पाठमोरंच जास्त ओळखीचं असतं. कुणाच्या मानेवर तीळ आहे, कुणाच्या डोक्यात दोन भोवरे आहेत, कुणाचे केस कानामागे आपोआप आत वळतात, हे तिच्या हातांना पाठ होतं. अनुयाची मान लांब होती आणि मानेवरची केसांची रेघ एका बाजूला किंचित खाली उतरलेली होती. पहिलीत होती तेव्हापासून तशीच. 'अनू' अशी हाक विनिताच्या ओठांपर्यंत आली आणि तिथेच राहिली. कारण कमरेखाली रुळणारे ते केस आता खांद्यावरच संपत होते, आणि ते विनिताने कापलेले नव्हते.

ती बाजूला उभ्या असलेल्या रिक्षाच्या आडोशाला झाली. का झाली हे तिला कळलं नाही. आपण काही चोरी केलेली नाही, मग लपलो का, असं मनात आलं तरी पाय जागचे हलले नाहीत. डोळे मात्र आपलं काम करतच होते. कापलंय चांगलं. टोकं स्वच्छ आहेत, कुठे कात्री दोनदा फिरल्याची खूण नाही. मागचे थर असे उतरवलेत की मान हलली की केस एकत्र हलतात. पण मग भांग असा उजवीकडे ओढून डावीकडे एवढं ओझं का टाकलंय? डावी बाजू जड झाली आहे. कान, कानावरचा भाग, गालाची कड, सगळं त्या केसांखाली गेलंय. इतक्या चांगल्या हाताला एवढी साधी चूक दिसली नाही? या विचाराने तिला क्षणभर बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं लक्षात येऊन लगेच वाईट वाटलं. अनुयाने मेथी पिशवीत टाकली, डावीकडचे केस हाताने नीट बसवले आणि ती घराच्या दिशेने निघून गेली. विनिता काय घ्यायला आली होती ते तिला आठवेना. तिने उगीच कोथिंबीर घेतली.

घरी तिचा नवरा धर्मेश पहिली पाळी करून आला होता. तो एमआयडीसीतल्या एका कंपनीत ऑपरेटर होता आणि दुपारी घरी आल्यावर अर्धा तास कुणाशी न बोलता चहा पीत बसायचा. पार्लर म्हणजे त्यांच्याच तळमजल्यावरच्या घराची पुढची खोली. मधे पडदा, पडद्यामागे स्वयंपाकघर. बायकांच्या बोलण्याचा आवाज पडद्यापलीकडून ऐकत चहा प्यायची त्याला इतकी सवय झाली होती, की आज पुढची खोली रिकामी असल्यामुळे त्याला चुकल्यासारखं वाटत असावं.

"अनुयाने केस कापले," विनिता म्हणाली.

"मग?"

"माझ्याकडे नाही."

धर्मेशने बशी खाली ठेवली. "तरीच चारेक महिने दिसली नाही. पालेगावच्या टॉवरखाली ते काचेचं सलून झालंय, तिकडं जात असंल. आमच्या इंजिनियरची बायको पण तिथंच जाते. दीड हजार घेतात म्हणे, नुसते कापायचे."

"दीड हजारात असं काय वेगळं करतात?"

"मला विचारतेस?" त्याने आपल्या टकलावरून हात फिरवला. "जाऊन बघ ना एकदा. हॉटेलवाला नाय दुसऱ्याच्या हॉटेलात जेवून बघत? तसं."

तो हे गमतीने म्हणाला होता. पण विनिताने रात्रीचं वरण फोडणीला टाकताना, दुसऱ्या दिवशी एका म्हातारीच्या केसांना मेंदी लावताना, त्याच वाक्याभोवती मन फिरवत ठेवलं. गिऱ्हाईकं जात येत असतात. पालेगावच्या बाजूला टॉवर उभे राहिले तेव्हापासून नवीन आलेल्या बायका तिच्या पाटीकडे बघून पुढे निघून जायच्या, त्याचं तिला काही वाटलं नव्हतं. अनुया गिऱ्हाईक नव्हती. किर्ती, तिची आई, समोरच्या बिल्डिंगमध्ये साताऱ्याकडून नवीनच राहायला आली होती, तेव्हा पोरीला घेऊन पहिल्यांदा आली. खुर्ची मोठी म्हणून विनिताने खुर्चीच्या हातांवर पाट आडवा टाकून तिला वर बसवलं. कात्री बघून पोरगी रडायला लागली, तेव्हा विनिता म्हणाली, केसांना दुखत नाही गं, नखांना दुखतं का? तसंच. पोरीने विचार केला आणि रडणं थांबवलं. मग ते केस वाढत गेले आणि विनिता फक्त टोकं कापत राहिली. दर दोन महिन्यांनी बोटभर, त्याहून जास्त कापायला तिचा हात धजायचा नाही. बारावीनंतर एकदा न्हाऊन आलेल्या अनुयाला उन्हात उभं करून पाठीमागून तिने फोटो काढला आणि मोठा करून आरशाशेजारी लावला. बाकीच्या पार्लरांत सिनेमातल्या बायका असतात. विनिताकडे ही होती. नवीन कुणी आलं की ती कंगव्याने फोटोकडे दाखवायची: ही कुणी हिरॉईन नाही हां, समोरच्या बिल्डिंगमधली पोरगी आहे, लहानपणापासून माझाच हात आहे तिच्या डोक्यावर. खुद्द अनुया खुर्चीत बसलेली असली तरी म्हणायची. चार बायका वळून बघायच्या, एखादी हात लावून बघायची. अनुया आरशात खाली बघत हसायची.

सोमवारी पार्लर बंद असतं. तिने काचेच्या सलूनला फोन लावला. पलीकडच्या मुलीने आधी इंग्रजीत, मग हिंदीत वेळ विचारली आणि मग म्हणाली, "नाम, मॅम?"

विनिताच्या नावाची पार्लरची पाटी अंबरनाथमध्ये रस्त्यावर लागलेली होती.

"जनी," ती म्हणाली.

ते तिच्या आईचं नाव होतं. फोन ठेवल्यावर तिला हसू आलं. जनी जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि जनीने आयुष्यात कधी केसाला कात्री लावून घेतली नव्हती. पालेगावात, विनिताच्या माहेरच्या ओट्यावर, भाताची कापणी उरकली की दुपारच्या वेळी बायका एकीच्या पुढे एक अशा बसायच्या, प्रत्येकीचं डोकं मागच्या बाईच्या हातात. उवा काढायच्या, तेल घालायचं, आणि बोलायचं. जनी सगळ्यांत मागे असायची. "माथा माझे हातान दिलास तं समदा सांगावा लागंल," ती पुढच्या बाईला म्हणायची, आणि बाई सांगायची. सासूचं, नवऱ्याचं, पोटात राहिल्याचं, पडल्याचं. जनीची बोटं चालत असायची आणि ती मधे मधे एकच शब्द टाकायची: मंग? या 'मंग'ने बायका विहिरीतून दोर ओढावा तसं आतलं ओढून बाहेर काढायच्या. विनिताला वाटायचं, केस ही निव्वळ सबब आहे, बायका मन मोकळं करायलाच येतात. पुढे लग्न झाल्यावर ती उल्हासनगरला एका सिंधी मॅडमच्या पार्लरमध्ये काम शिकायला जाऊ लागली, तेव्हा तिची गावची भाषा ऐकून बाकीच्या मुली हसायच्या म्हणून ती तोंडच उघडत नसे. मॅडमनी एक दिवस तिला बाजूला घेतलं. "हाथ थोडा रुका तो चलेगा," त्या म्हणाल्या, "मुंह नहीं रुकना चाहिए. कस्टमर को लगना चाहिए, घर आई है." विनिताने ते मनावर घेतलं. हिंदी शिकली, शहरातलं मराठी शिकली, आणि आईचं 'मंग' आपल्या पद्धतीने चालू केलं. लग्न कधी, दुसरं कधी, नोकरीचं काय झालं, सासूबाई गावाहून परत कधी जाणार. धर्मेश म्हणायचा, तुझ्या पार्लरला पंख्याची गरज नाय, तुम्हा बायकांच्या तोंडानेच वारा येतो.

शेअर रिक्षाने ती पालेगावच्या रस्त्याला लागली. इकडे हल्ली फारसं येणं होत नसे. जिथे वडिलांची, हरिचंद्रची, दोन खाचरं होती, तिथे आता कुठल्या टॉवरचं पार्किंग आहे हे धर्मेश बरोबर सांगायचा. तिला मात्र कधीच लागत नसे. आंब्याचं झाड नाही, बांध नाही, कुठून मोजायचं? सलूनचं दार काचेचं होतं आणि जड. आत गेल्याबरोबर पहिली गोष्ट तिला जाणवली ती वास नसल्याची. तिच्या पार्लरला ब्लीचचा, मेंदीचा, आणि साडेअकरानंतर आतल्या फोडणीचा वास असायचा. इथे काहीच नव्हतं, फार तर थंडपणाचा म्हणता येईल असा एक वास. दुसरी गोष्ट, कुणी बोलत नव्हतं. चार खुर्च्यांवर चार बायका होत्या आणि त्यांच्यामागे उभे असलेले मुलगे-मुली हलक्या हाताने कामं करत होते. एक बाई लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. एकीचे डोळे मिटलेले होते. पार्लरमध्ये झोपलेली बाई विनिताने पहिल्यांदा बघितली.

"जनी मॅम?" काळ्या कपड्यातली एक मुलगी समोर येऊन उभी राहिली. "मी सोनिया. या ना."

सोनिया उल्हासनगरची असावी, बोलण्याच्या हेलावरून. आधी केस धुवायचे होते. विनिताने मान मागे टाकली आणि बेसिनच्या गारव्याने ती शहारली. आपण किती वर्षांनी असं कुणाच्या हातात डोकं दिलंय, ती आठवू लागली. स्वतःची टोकं ती स्वतःच कापायची, एक आरसा पुढे आणि एक मागे धरून. रंगही स्वतःच लावायची. सगळ्या गावाची डोकी हाताखालून जात होती, आणि तिच्या डोक्याला तिच्याशिवाय कुणाचा हात लागलेला नव्हता. शेवटचा बहुतेक आईचाच. कोमट पाणी कपाळाच्या कडेने मागे गेलं. सोनियाची बोटं चांगली होती, घाई नव्हती त्यांना. आता विचारील, विनिताला वाटलं. कुठे राहता, मिस्टर काय करतात, मुलं किती. तिने उत्तरंही तयार ठेवली होती, जनीच्या नावाने द्यायची खोटी उत्तरं. पण मुलगी काही विचारेना. "पाणी ठीक आहे ना, मॅम?" एवढंच, आणि मग गप्प. सुरुवातीला ही शांतता विनिताच्या अंगावर आल्यासारखी झाली. आपलं काही चुकलं का, आपले कपडे बघून ही बोलत नाही का, असं वाटलं. दोनदा तिने स्वतःच काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि बंद केलं. मग हळूहळू तिच्या लक्षात आलं, की आपण उत्तरं तयार करणं सोडून दिलंय. कुणी काही विचारणार नाही, तर खोटं बोलायला नको आणि खरंही बोलायला नको. तिचे खांदे खाली आले. ते इतका वेळ वर उचललेले होते हे तिला तेव्हाच कळलं. डोळ्यांमागे आईचा ओटा आला. ओट्यावर सगळ्यांत पुढे बसलेली एक बाई तिला दिसली, जिच्यापुढे कुणी नसायचं, जी नेहमी उठून जायची घाई करायची. जनीने 'मंग?' म्हटलं की ती बाई म्हणायची, काही नाही, काही नाही, आणि पदर डोक्यावर घ्यायची. तिचं काय होतं ते कधी कळलं नाही. विनिताला तेव्हा ती बाई आखडू वाटायची.

खुर्चीत बसवल्यावर सोनियाने ओले केस मोकळे केले आणि आरशात विनिताकडे बघितलं. विनिताला वाटलं आता ती फोटोंचं पुस्तक काढील, अमुक कट तमुक कट सांगील. सोनिया थोडी पुढे वाकली आणि शेजारच्या खुर्चीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "मॅम, कुठे काही झाकायचंय का? कुणाचे केस एका ठिकाणी पातळ असतात, कुणाला टाक्यांची खूण असते. बोलायचं नसेल तर नका बोलू. बस, तिथे बोट ठेवा. मी त्या हिशोबाने कापते."

विनिता आरशात बघत राहिली. आरशात सोनिया होती, तिच्या हातात कंगवा होता, पण विनिताला दिसत होती मेथीच्या जुडीवर वाकलेली एक मान आणि डावीकडे टाकलेलं केसांचं ओझं. चूक नव्हती ती. कुणीतरी ते तसं मागितलं होतं. याच खुर्चीत किंवा शेजारच्या, आरशासमोर बसून, अनुयाने आपलं बोट उचलून डाव्या कानाच्या वर ठेवलं होतं, आणि या मुलीने किंवा दुसऱ्या कुणी काही न विचारता मान हलवली होती. चाई पडली असेल. विनिताने आयुष्यात चाई पडलेली कितीतरी डोकी बघितली होती. रुपयाएवढा, कधी तळहाताएवढा गुळगुळीत गोल, आणि त्याच्याभोवती बाकीचे केस जसेच्या तसे. ती काय करायची अशा वेळी? मोठ्याने म्हणायची, अगं बाई, हे कधी झालं? मग शेजारच्या खुर्चीवरची उठून बघायला यायची. कुणी कांद्याचा रस सांगायची, कुणी बदलापूरच्या वैद्याचा पत्ता द्यायची. सगळ्या कळवळून बोलायच्या, आणि विनिताला वाटायचं, बाईला आधार वाटला असेल. त्यांतल्या किती परत आल्या? तिने आठवायचा प्रयत्न केला आणि तिला नीट आठवेना. चेहरे तर नाहीतच, मानाही आठवेनात. आणि अनुया कशी येणार होती? जिथे भिंतीवर तिच्याच केसांचा फोटो, आणि फोटोखाली उभी राहून चार बायकांना सांगणारी आपण. ते केस गळायला लागले तेव्हा ती किती रात्री उशी झटकत असेल. पाटावर बसवलं तेव्हापासून ज्या बाईकडे गेली, नेमकं तिच्यापासूनच लपवायला तिने दीड हजार मोजले.

"मॅम?" सोनिया म्हणाली. "काही नसेल तर चांगलंच आहे."

विनिताने हात अंगावर पांघरलेल्या केपच्या बाहेर काढला. दोरा धरून धरून तिच्या पहिल्या बोटावर काळपट चरा पडलेला होता, आणि आयब्रो करणाऱ्या बाईचं बोट आयब्रो करणारी बाई लगेच ओळखते. सोनियाची नजर त्या चऱ्यावर गेली, तिथे जरा थांबली आणि पुन्हा केसांवर आली. तिने काही विचारलं नाही. विनिताने ते बोट आपल्या माथ्यावर नेलं, भांगाच्या मागे, जिथे घट्ट अंबाड्याने आणि वयाने टाळू दिसायला लागली होती आणि जिथे ती रोज सकाळी आरशात न बघता वरून केस ओढून पिन लावायची. ही जागा तिने धर्मेशलाही कधी दाखवली नव्हती. तिचं बोट तिथे टेकलं.

"ठीक आहे," सोनिया म्हणाली आणि कात्री उचलली.

केस चांगले कापले गेले. विनिताने कात्रीचा प्रत्येक आवाज ऐकला. दोन ठिकाणी तिने स्वतः वेगळं केलं असतं, आणि एका ठिकाणी मुलीने जे केलं ते तिला सुचलंच नसतं. वाळवून झाल्यावर मागे आरसा धरला गेला. माथा झाकलेला होता, पण झाकलाय असं वाटत नव्हतं. बाहेर येऊन ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली. समोरून खडीचा डंपर गेला, धूळ उडाली, आणि नव्या केसांवर धूळ बसू नये म्हणून तिने पदर घेतला. पैसे गेले त्याचं वाईट वाटायला हवं होतं. एवढ्या पैशांत तिच्याकडे बाईचं सगळं डोकं, तोंड, हात, पाय होऊन वर चहा मिळाला असता. पण तिथे ती बाई गप्प बसू शकली नसती, हे तिला त्या धुळीत उभं राहून कबूल करावं लागलं.

"वसूल झालं का?" धर्मेशने दारातच विचारलं. मग तिच्याकडे बघून जरा थांबला आणि म्हणाला, "बरी दिसतेस."

"झालं वसूल."

"काय वेगळं केलं?"

"काहीच विचारलं नाही."

धर्मेशला ते कळलं नाही. त्याने तसं सांगितलंही, पण विनिताने पुढे बोलणं वाढवलं नाही. ती पुढच्या खोलीत गेली, स्टुलावर चढली आणि आरशाशेजारचा फोटो उतरवला. मागे भिंतीचा चौकोन जुन्या रंगाचा निघाला, बाकी भिंतीपेक्षा गडद. दुसऱ्या दिवशी आलेल्या बाईने लगेच विचारलं, तुमची ती केसवाली कुठे गेली हो? भिंतीला ओल आली होती, विनिताने सांगितलं.

पुढचे दिवस तिला जड गेले. समोरच्या बिल्डिंगच्या जिन्याकडे कान जायचा. आपणच जावं, अनुयाला जवळ घ्यावं, म्हणावं वेडे, माझ्यापासून काय लपवतेस, असं दहादा मनात आलं. प्रत्येक वेळी तिला त्या बोलण्यात आपलाच आवाज ऐकू आला, चार बायकांसमोरचा, आणि ती उठली नाही. एका शनिवारी किर्ती केसांना रंग लावून घ्यायला आली. दुसरं कुणी नव्हतं. विनिताने तिच्या खांद्यावर जुना टॉवेल टाकला, वाटीत रंग कालवला आणि ब्रशने भांगापासून सुरुवात केली. किर्तीचं डोकं तिच्या हातात होतं. एक शब्द टाकला असता तर सगळं बाहेर आलं असतं. कधीपासून, डॉक्टर काय म्हणाले, कुठल्या काळजीने, लग्नाचं बघताय त्याचं आता काय. तो शब्द विनिताच्या जिभेवर येऊन बसला होता. रंग कानामागे आला तेव्हा किर्तीनेच सुस्कारा सोडला.

"अनू हल्ली कशी झालीय बघा ना, विनिताताई. तुम्हाला म्हणून सांगते..."

"किर्तीताई, मान जरा खाली घ्या," विनिता म्हणाली. "डोळ्यात जाईल."

किर्तीने मान खाली घातली. विनिता ब्रश फिरवत राहिली, नेहमीपेक्षा हळू. खाली वाकलेली मान थोडा वेळ वाट बघत राहिली, मग सैल झाली. जाताना किर्तीने दारात वळून विनिताकडे नवलाने पाहिलं. ती रागावली होती की तिला बरं वाटलं होतं, हे विनिताला ओळखता आलं नाही. लेकीने स्वतः सांगितलेलं नाही ते आईच्या तोंडून ऐकायचं नाही, इतकंच तिने ठरवलं होतं. आणि लेक कधीच येणार नाही, असंही होऊ शकतं, हेही तिने स्वतःला सांगून ठेवलं होतं.

अनुया आली ती एका दुपारी, दोनच्या सुमाराला, जेव्हा कुणी येत नाही. विनिता खुर्चीत बसून जुन्या कंगव्यांतले केस काढत होती.

"काकी, आयब्रो करायच्यात," अनुया दारातूनच म्हणाली. तिची नजर भिंतीवरच्या गडद चौकोनावर गेली आणि तिथे बराच वेळ राहिली. मग ती विनिताच्या केसांकडे बघून म्हणाली, "तुम्ही केस कापले."

"हो. त्या काचेच्या दुकानात."

"तुम्ही? तिथे?"

"गेले होते. चांगलं कापतात."

अनुया खुर्चीत बसली. विनिताने तिच्या कपाळाला पावडर लावली, दोरा ओढून तोडला, बोटांवर पीळ दिला आणि एक टोक दातांत धरलं. दोरा दातांत असला की विनिताला बोलता येत नसे. दिवसभरात ती गप्प असायची ती एवढाच वेळ. अनुयाला हे लहानपणापासून माहीत होतं. म्हणूनच ती केस कापायला आली नाही, तेल लावून घ्यायला आली नाही, आयब्रो करायला आली, हे विनिताच्या ध्यानात आलं तेव्हा दोरा क्षणभर सैल पडला आणि तिने तो पुन्हा ताणला.

अनुयाने डोकं खुर्चीच्या उशीवर मागे टाकलं. दोन्ही हातांनी भुवईची कातडी ताणून धरायची होती, त्यामुळे केस सावरायला हात उरला नाही. डावीकडचं सगळं ओझं घसरलं आणि मागे लोंबलं. कानाच्या वर, विनिताच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, तो गोल होता. तिने कल्पना केली होती त्यापेक्षा मोठा, आणि त्याच्याखाली आणखी एक लहान. खिडकीतल्या उजेडात कातडी चमकत होती. कडेला कडेला, अगदी वाकून बघितलं तरच दिसेल अशी पांढुरकी लव फुटलेली होती. अनुयाचे डोळे उघडे होते. ती छताकडे बघत नव्हती, विनिताच्या चेहऱ्याकडे बघत होती.

विनिताने दोरा भुवईवर टेकवला. एक केस, दुसरा केस. तिला आतून काहीतरी वर येत होतं, कळवळा, आणि त्या लवेचं सांगायची घाई, की अगं येतायत, परत येतायत. दातांनी ती दोरा घट्ट धरून राहिली. भुवईची खालची कड झाली, वरची झाली. तिने बोटाने पावडर झटकली. अनुयाने हात खाली घेतले, पण केस पुढे ओढले नाहीत. खोलीत पंख्याचा आवाज होता आणि आत कुठेतरी नळ ठिबकत होता.

"काकी," ती म्हणाली, "विचारा ना."

विनिताने दोरा तोंडातून काढला. "काय विचारू?"

"काहीही."

इतक्या बायकांना इतकं विचारलेल्या विनिताला एकही प्रश्न सापडेना. कधी झालं, कशाने झालं, डॉक्टर कोण, औषध काय. एक एक प्रश्न तिने मनात उचलून बघितला आणि परत ठेवला. अनुयाच्या डोळ्यांच्या कडांना पाणी आलं होतं. आयब्रो करताना ते सगळ्यांनाच येतं, त्यामुळे ते पुसायला तिने घाई केली नाही, आणि विनितानेही कापूस पुढे केला नाही.

"जेवलीस का?" विनिताने विचारलं.

अनुयाने नकारार्थी मान हलवली. तिला हसू येत होतं आणि ते नीट येत नव्हतं.

"सुकटीचं कालवण आहे. भाकरी गरम करते. तुझ्या आईला सांगू नकोस, तिला वास चालत नाही." विनिताने दोरा खुर्चीच्या हातावर ठेवला आणि पडदा बाजूला सारून ती आत गेली. अनुया क्षणभर आरशात बघत बसली. मग एक भुवई कोरलेली, एक राहिलेली, केस तसेच मागे टाकलेले, अशी ती उठली आणि विनिताच्या मागोमाग स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिली.